भिंतीवरची वेल
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



दर महिन्याच्या सभेत आपल्यापैकीच कोणीतरी उठून चार उपयोगाच्या गोष्टी सांगाव्यात, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. मागच्या सभेत लोणच्याला बुरी का येते ह्यावर बोलणे झाले, त्याआधी पोस्टातल्या बचतीवर झाले. ह्या वेळी पाळी माझी आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. 'वनस्पतिशास्त्र' हा शब्द फळ्यावर लिही म्हटले, तर खडू हातात घेऊन मी दोनदा विचार करीन. तेव्हा माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झाले, तर शिकलेल्या भगिनींनी सांभाळून घ्यावे.

पण विषय मात्र मी मागून घेतला आहे. आपल्या सभागृहाच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर जी हिरवी वेल चढली आहे, ती वर्धापनदिनापूर्वी काढून टाकावी आणि भिंतीला रंग द्यावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. पुढच्या सभेत त्यावर मत घ्यायचे आहे. मत देण्यापूर्वी ज्या जिवाबद्दल मत द्यायचे, तो आहे तरी कोण, हे आपल्याला ठाऊक असावे, असे मला वाटले. म्हणून गेले तीन महिने दुपारची कामे आटोपली की मी तिच्यामागे लागले. वाचनालयातून पुस्तके आणली, पुतणीकडून मोबाइलवर वाचून घेतले, आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका बाईंना दोनदा इथे बोलावून आणले.

आपल्यापैकी काही जणी हिला 'भिंतवेल' म्हणतात, काही 'पालवेल' म्हणतात. रोपवाटिकेत गेलात तर तिथला माळी 'फायकस रेपेन्स' म्हणेल, नाहीतर 'इंडियन आयव्ही' म्हणेल. ह्यातले 'इंडियन' अगदी खोटे. ही वेल आपल्याकडची नव्हेच. तिचे माहेर चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम ह्या बाजूला. शास्त्रातले तिचे आजचे नाव 'फायकस प्युमिला'. लिनियस नावाच्या स्वीडनच्या पंडिताने 1753 साली ते दिले. 'प्युमिला' म्हणजे ठेंगणी. बिचाऱ्याने कोवळ्या फांदीचे पान पाहून नाव ठेवले असावे. आपली ठेंगणी गच्चीच्या कठड्याला जाऊन टेकली आहे, हे तुम्ही पाहताच.

'फायकस' म्हणजे वडाचे गोत. वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही सगळी एका घरची भावंडे. फणस आणि तुती त्यांची चुलत भावंडे म्हणा. पान खुडले की पांढरा चीक येतो, ही ह्या घराची खूण. तेव्हा ज्या वडाला आपण ज्येष्ठी पौर्णिमेला सूत गुंडाळतो, त्याचीच ही धाकटी बहीण. वडाएवढी थोर झाली नाही, भिंतीला धरून राहिली, एवढेच.

ती भिंतीला धरते कशी, हे पाहण्यासारखे आहे. द्राक्षाच्या वेलीला तणावे असतात, कारल्यालाही असतात. घेवडा स्वतःच काठीला विळखा घालीत चढतो. हिला ह्यातले काहीच नाही. कोवळ्या फांदीच्या भिंतीकडच्या बाजूला, पानाच्या बगलेजवळ, बारीक मुळांचा झुपका फुटतो. ती मुळे भिंतीला टेकतात आणि एक प्रकारचा डिंक सोडतात. चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव आपण ऐकले असेल, माणसाच्या पूर्वजांबद्दल ज्याने एवढे वादळ उठविले तो. त्याने चढणाऱ्या वेलींवर एक वेगळाच निबंध लिहिला, 1865 साली. त्यात ही वेल आहे. तिची कोवळी मुळे त्याने काचेच्या तुकड्यांवर हलकीच दाबून धरली, आणि सुमारे आठवड्याने काचेवर अगदी बारीक, निवळ थेंब दिसले. फांदी मोडल्यावर येणारा पांढरा चीक तो नव्हे. थोडा चिकट, पाण्यासारखा स्वच्छ रस. तोच पुढे वाळून मूळ भिंतीला पक्के डकवितो. एवढा मोठा माणूस एका वेलीच्या मुळाकडे आठवडा आठवडा बघत बसला, हे वाचून मला फार बरे वाटले. आम्ही बायका वाळवणाकडे बघत बसतो तर घरचे हसतात.

ही मुळे भिंतीतून अन्न घेत नाहीत. कित्येक जणींची अशी समजूत आहे की वेल भिंत 'खाते'. ते बांडगुळाचे काम; ते आंब्याच्या फांदीत मूळ घालून तिचा रस पिते. हिचे अन्नपाणी खालच्या जमिनीतल्या मुळांनी येते. बुंधा जमिनीजवळ कापा, काही दिवसांत वरची सगळी हिरवळ वाळून कोळ होते. भिंतीवरची मुळे फक्त धरून ठेवण्याची.

आता पानांविषयी. भिंतीवर चपटे बसलेले पान हातात घ्या. नखाएवढे, फार तर इंचभर, पातळ, हृदयाच्या आकाराचे, देठ जवळजवळ नाहीच, आणि बुडाशी एक बाजू मोठी तर एक लहान. मग जिन्याने गच्चीवर जा आणि कठड्यावरून जी जाड फांदी हवेत पुढे आली आहे, तिचे पान तोडा. ते बोटाएवढे लांब, चामड्यासारखे जाड, चकचकीत, खाली जाळीदार शिरा. शेजारी शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या झाडांची पाने म्हणाल. मी सासूबाईंना दाखविली, त्या म्हणाल्या, "हे कण्हेरीजवळच्या झाडाचं असेल." पण दोन्ही एकाच वेलीची. ह्या वेलीला दोन वये आहेत. जोवर चढायचे आहे तोवर पाने लहान, फांदी बारीक, मुळे भरपूर. वर पोचली, ऊन लागले, धरायला काही उरले नाही, की फांदी जाड होते, भिंत सोडून मोकळी उभी राहते, तिला चिकटणारी मुळे फुटत नाहीत, आणि त्याच फांदीला फळ येते. खालच्या फांदीला कधी फळ धरत नाही. त्या कॉलेजातल्या बाईंनी आणखी एक गंमत सांगितली. वरच्या जाड फांदीचे कलम लावले, तर ते झुडपासारखे उभे वाढते. भिंत दिली तरी चढायला तयार होत नाही. चढायचे दिवस त्या फांदीने मागे टाकलेले असतात.

आणि आता फळ. ज्यासाठी मी उभी राहिले तो भाग हा.

गेल्या चैत्रात आपले हळदीकुंकू झाले, तेव्हा ह्या वेलीची फळे अंगणात पडली होती. हिरवट जांभळी, अंजिराएवढी. मुलांनी ती फोडून पाहिली. आत नुसता पोकळ भुसा, बी नाही, गर नाही. तेव्हा कोणीतरी म्हणाले, "वांझ वेल आहे ही. मंडळाच्या दारात असली वेल नको." कोण म्हणाले ते मी सांगणार नाही, बोलणारीच्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. जीभ आपली सवयीने चालते. पण त्या वेळी आपल्यात एक तरुण सूनबाई बसल्या होत्या. लग्नाला आठ वर्षे झाली आहेत. त्या हातातले पन्ह्याचे भांडे खाली ठेवून उठल्या, आणि त्यानंतर त्या सभेला आलेल्या नाहीत. मला मूल नाही, हेही तुम्हां सर्वांना माहीत आहे. तेव्हा ही बाई आपल्यापुरते बोलते आहे असे कोणी म्हटले, तर खुशाल म्हणावे. ते खरेच आहे.

आपण म्हणतो, अमका हल्ली उंबराचे फूल झाला आहे, दिसतच नाही. उंबराला फूल दिसत नाही, कारण ते फळाच्या पोटात असते. आपण ज्याला उंबर म्हणतो, अंजीर म्हणतो, ते खरे पाहता फळ नव्हेच. ती एक तोंड बांधलेली पिशवी आहे, आणि आतल्या बाजूने शेकडो बारीक फुले उलटी लागलेली असतात. पिशवीच्या टोकाला एक चिमुकले भोक असते, तेही खवल्यांनी बंद केलेले. वारा आत जात नाही, मधमाशी शिरत नाही. मग फुलांचे लग्न लावणार कोण? तर केंबरे. उंबर फोडले की जी बारीक चिलटासारखी उडतात, ज्यांना पाहून आपण शी करून फळ फेकून देतो, ती केंबरेच हे काम करतात. ह्या गोतातल्या जवळजवळ प्रत्येक झाडाचे केंबरे वेगळे. वडाचे वडापाशी, पिंपळाचे पिंपळापाशी. एकाचे काम दुसरा करीत नाही.

उंबराच्या एकाच फळात बी धरणारी फुलेही असतात आणि केंबऱ्याची पिले वाढणारी फुलेही असतात. ह्या भिंतवेलीचे तसे नाही. हिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळी. नर वेलाच्या फळात तोंडाशी परागाची फुले असतात आणि खाली आखूड मानेची फुले, ज्यांत केंबऱ्याची मादी अंडी घालते. पिले तिथेच वाढतात. त्यांच्यातल्या नरांना पंख नसतात. ते जन्मतात त्याच काळोखात, फळाला बाहेर पडायची वाट कोरून देतात, आणि तिथेच संपतात. माद्या अंगाला पराग माखून त्या वाटेने बाहेर उडतात. तिळाहूनही लहान जीव, आणि हाताशी आयुष्य उरलेले एखाददुसऱ्या दिवसाचे. तेवढ्यात दुसरे कोवळे फळ शोधायचे. भोक इतके अरुंद की आत शिरताना पंख तुटून बाहेरच पडतात. फळ नर वेलाचे निघाले तर तिची अंडी घातली जातात. मादी वेलीचे निघाले तर तिथल्या फुलांची मान इतकी लांब की अंडे घालताच येत नाही. ती बिचारी फुलाफुलावर फिरते, पराग सांडते, आणि तिथेच मरते. तिचा वंश तिथे थांबतो आणि वेलीचे बी धरते. हे मी रात्री वाचले, आणि पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

आता हे लक्षात घ्या की ही वेल आपल्याकडे बागवानांनी आणली, कलमाने वाढविली, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेली. तिचे केंबरे तिकडेच राहिले. जिथे ते नाहीत तिथे फळ लागते, फुगते, आणि पोकळ गळून पडते. मग ह्यात वेलीचा दोष कोणता?

असाच प्रकार अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाला. 1880 नंतर कॅलिफोर्नियातल्या बागाइतदारांनी तुर्कस्तानातून स्मर्ना जातीची उत्तम अंजिराची झाडे आणून लावली. झाडे जोमाने वाढली, फळे धरली, आणि सुपारीएवढी होऊन गळाली. असे वर्षानुवर्षे चालले. कोणी म्हणाले, तुर्कांनी फसवून निकामी कलमे दिली. तुर्कस्तानातले शेतकरी मात्र पूर्वापार रानअंजिराची केंबरे भरलेली फळे ह्या झाडांवर टांगीत आले होते. ते कोणी सांगितले तर इकडे लोक हसत, ती अडाण्यांची समजूत म्हणून. फ्रेस्नो गावचे जॉर्ज रोडिंग ह्यांनी 1890 साली हाताने पराग घालून काही फळे धरवून दाखविली, तेव्हा कुठे हसणे थांबले. पुढे 1899 साली केंबरे तिथे नांदू लागले, आणि ज्या झाडांना निकामी म्हटले होते त्यांनीच भरभरून फळे दिली. झाड तेच, जमीन तीच. तोडून टाकली असती तर कोणाला कळलेही नसते.

आणि लांब कशाला जायला हवे? आपले सासवडकडचे, पुरंदरचे अंजीर घ्या. 2016 साली त्याला सरकारदरबारी भौगोलिक मानांकन मिळाले. ते अंजीर केंबऱ्यावाचूनच पिकते. आत जे बी म्हणून दाताखाली कुरकुरते, ते पोकळ असते. पेरले तर उगवत नाही. पण ते गोड लागते, म्हणून त्याला कोणी वांझ म्हणत नाही. टोपलीत पान घालून, रचून, भाव करून आपण घरी आणतो. केळ्यालाही बी नाही. केळीचा खुंट तर आपण मंगल कार्यात दाराशी बांधतो.

हे सगळे कळल्यावर मी त्या कॉलेजातल्या बाईंना आपल्या वेलीची फळे तपासायला दिली. त्यांनी धारदार पात्याने फळ उभे कापले आणि भिंग माझ्या हातात दिले. तोंडापाशी, खवल्यांच्या खाली, ओळीने बारीक फुले होती आणि एकेका फुलात दोन दोन पुंकेसर. त्याखाली सगळी आखूड मानेची फुले, रिकामी. लांब मानेचे एकही नाही. फळाचा आकारही त्यांनी दाखविला. मादी वेलीचे फळ गोलसर असते; आपले लांबट, पेरूच्या जातीतले नासपतीसारखे नव्हे, खऱ्या नासपतीसारखे, आणि टोकाला चपटे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही वेल नाहीच. हा वेल आहे!"

मराठीत वेल हा शब्द तोही चालतो आणि तीही चालते, म्हणून आपली सोय झाली. पण जरा विचार करा. फळात बी नाही, हे दिसल्याबरोबर आपण सगळ्यांनी धरूनच चाललो की ही बाई आहे आणि वांझ आहे. तो पुरुष असेल, हे कोणाच्या मनातही आले नाही. परसात पपईचे झाड नर निघाले, तर आपण 'नर निघालं' म्हणतो आणि गप्प बसतो. त्याला वांझोटे म्हणून हिणवीत नाही. इथे मात्र तपासल्याशिवायच शब्द बाहेर पडला. माझ्या लग्नानंतरची पहिली सात वर्षे औषधे, काढे, नवस, उपास हे सगळे मीच केले. घरातल्या पुरुषालाही डॉक्टरांना दाखवावे, हे सात वर्षांत कोणाला सुचले नाही. शेवटी सुचले ते यजमानांनाच. निदान काय निघाले ते आमच्या दोघांचे आहे, पण हे एवढे इथे सांगण्याला त्यांची परवानगी मी काल घेतली आहे. ते म्हणाले, "सांग. कोणाच्या तरी सुनेचं काही कमी होईल."

वेलीकडे परत येते. (सवयीने मी ती 'वेल'च म्हणते, माफ करा.)

मादी वेलीचे तिच्या माहेरी काय करतात, हे ऐकून तुमच्या तोंडाला पाणी सुटेल. तैवानच्या डोंगरात ह्याच वेलीची एक जात होते. तिची फळे पुरती पिकण्याआधी काढतात, साल सोलून, चिरून, आतली बाजू बाहेर काढून उन्हात वाळवितात आणि बी खरवडून घेतात. ते बी स्वच्छ फडक्यात पुरचुंडी बांधून गार पाण्यात चुरायचे, पाचदहा मिनिटे. पाणी हळूहळू बुळबुळीत, पिवळसर होते. मग भांडे हलवायचे नाही. अर्ध्या तासात, तासाभरात त्याची थरथरती वडी तयार. चूल नको, चायना ग्रास नको, जिलेटीन नको. वर लिंबू पिळून साखरेचे किंवा मधाचे पाणी घालून उन्हाळ्यात खातात. बियांच्या अंगावर पेक्टिन असते, तेच जे पेरूची जेली घट्ट करते, आणि पाण्यातल्या चुन्याच्या अंशाने ते जमते. म्हणून ज्यातले सगळे क्षार काढून टाकले आहेत असल्या पाण्यात ही वडी मुळीच लागत नाही. भांड्याला तेलातुपाचा ओशटपणा असला तरी बिघडते. आपल्याकडे विरजणाला जसे जपावे लागते, तसेच.

ह्या पदार्थाला तिकडे 'आय-यू' म्हणतात. ल्येन हेंग नावाच्या इतिहासकाराने तैवानचा इतिहास लिहिला, तो 1920 च्या सुमारास छापला गेला. त्यात ही हकीकत आहे. तो ग्रंथ छापला जाण्याच्याही शंभरएक वर्षे आधी एक व्यापारी उन्हातून चालला असता ओढ्यावर पाणी प्यायला थांबला, तर पाणी गोठल्यासारखे झालेले. वर पाहिले तो झाडावर ही वेल, आणि तिचे बी पाण्यात पडून चुरले गेलेले. त्याने फळे घरी नेऊन करून पाहिले. त्याची पंधरा वर्षांची मुलगी ते विकू लागली. तिचे नाव आय-यू. लोक तिच्याच नावाने पदार्थाला ओळखू लागले, आणि पुढे वेलही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मुलाच्या नावाने दुकाने चालतात हे आपण पाहतो. मुलीच्या नावाने वेल चालल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले. आपल्या वेलीला ती वडी लागायची नाही, हे मात्र आताच सांगते. नाहीतर उद्या कोणीतरी फळे फडक्यात बांधील.

आता भिंतीचा प्रश्न. वेलीची बाजू घेते म्हणून तिचे दोष झाकणार नाही. डकलेली मुळे ओढून काढली तर रंग आणि गिलावा त्यांच्याबरोबर सुटून येतो, आणि जी मुळे तुटून राहतात त्यांचे तपकिरी डाग सहजासहजी जात नाहीत. म्हणजे वेल काढून लगेच रंग द्यायचा, असा जो हिशेब सूचनेत मांडला आहे, तो तेवढ्यावर थांबणार नाही. गिलाव्याचे कामही निघेल. जुन्या चुन्याच्या, भेगा पडलेल्या भिंतीवर ही वेल चढवू नये; भेगेत शिरून फांदी जाड होते आणि भेग रुंदावते. लाकडी खिडक्यांवर, पन्हळीत, कौलांखाली तर तिला मुळीच जाऊ देऊ नये. पण वाड्यांच्या भिंती फोडून जो पिंपळ उगवतो, त्याच्याइतकी ही घातकी नाही. आपली पश्चिमेची भिंत सिमेंटच्या गिलाव्याची आहे. मी आणि सेक्रेटरीबाईंनी कडेकडेने पाने उचलून पाहिले. बुडाशी एक भेग आहे ती जुनीच, वेल येण्याआधीची. ती गवंड्याकडून भरून घ्यावी लागेल, वेल राहो न राहो.

डासांची तक्रारही झाली आहे. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, पानांत नव्हे. तिथे पाणी साचतच नाही. पालींबद्दल मी काही बोलत नाही, त्या आहेत. आणि वैशाखात दुपारी तीन वाजता त्या भिंतीच्या आतल्या बाजूला हात लावून पाहा, मग उत्तरेकडच्या मोकळ्या खोलीत नव्हे, पलीकडच्या पश्चिमेच्याच उघड्या भिंतीला लावून पाहा. शिवणवर्गाच्या मुली वेलीच्या भिंतीशीच यंत्रे का ओढून घेतात, ते कळेल. ही वेल आपल्या पहिल्या अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या आक्कांनी, वीतभर कलम आणून लावली होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पण ते कारण मी पुढे करीत नाही. आक्कांनी लावलेली दुसरी दोन झाडे आपण पार्किंगसाठी काढलीच.

माझे मत विचाराल तर वेल ठेवावी, आणि तिला कापून आटोक्यात ठेवावी. कापायची रीत अशी. गच्चीच्या कठड्यावरच्या जाड, मोठ्या पानांच्या फांद्या बुंध्याशी छाटायच्या. म्हणजे फळे अंगणात पडून चिकचिक होणार नाही, आणि खालून पुन्हा बारीक पानांची फांदी फुटेल. खिडक्यांच्या चौकटीपासून वीतभर जागा मोकळी ठेवायची. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या तोंडी आणि एकदा दिवाळीनंतर. सुटलेली फांदी पुन्हा भिंतीला टेकवून उपयोग नाही, वाढलेली मुळे दुसऱ्यांदा डकत नाहीत. ती कापूनच टाकावी. छाटताना चीक अंगावर उडतो, तो काहींच्या कातडीला लागून खाज सुटते, उन्हात जास्तच. तेव्हा हातमोजे घालावेत, ते नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात, आणि मुलांना दूर ठेवावे.

पहिल्या छाटणीला येत्या रविवारी सकाळी आठला मी कात्री आणि शिडी घेऊन येणार आहे. त्या सूनबाईंना मी घरी जाऊन सांगून आले आहे. त्या म्हणाल्या, "काकू, शिडी मी धरते." ज्यांना घरी लावायला कलम हवे, त्यांनी ओले फडके बरोबर आणावे. लहान पानांचीच कलमे नेावीत, ही विनंती आहे. मोठ्या पानांची कुंडीत झुडूप होऊन बसतील, आणि मग वेल चढत नाही म्हणून मला विचारायला येऊ नये.